कागदाची मागची बाजू

कोणताही कागद हातात आला की काकाजी आधी तो उलटा करायचे. पगाराची स्लिप असो, रजेचा अर्ज असो, नाहीतर कुणाच्या लग्नाची पत्रिका. मागच्या बाजूवर बोट फिरवायचं आणि विचारायचं, "मागं काही नाई ना, बाबूजी?"

"नाही हो काकाजी. करा सही."

मग खिशातून निळा पेन निघायचा. सहीच्या आधी मागच्या कोऱ्या जागेत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ. नंतर कोणी तिथं काही लिहू नये म्हणून. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. त्याचं काम निघालं की आधी चहा सांगून ठेवावा लागतो.

मी पाटबंधाऱ्याच्या एका लहानशा ऑफिसात बाबू होतो आणि काकाजी इटियाडोह धरणाच्या कालव्यावर चौकीदार. आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला त्या दिवशी सगळे पुढं उभे राहून पडदा बघत होते. काकाजी मागं वाकून वायरी बघत होते. "पुढून सारंच चांगलं दिसते," म्हणाले.

आम्ही हसायचो. चिचगडकडच्या त्यांच्या गावी मोठ्या भावांनी तरुणपणी त्यांची एका कागदावर सही घेतली, मागच्या कोऱ्या बाजूवर नंतर भलतंच लिहिलं आणि त्यांच्या वाट्याची शेती गेली, हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्तीला तीनेक वर्षं उरली आणि काकाजींना घराची काळजी लागली. जन्म सरकारी क्वार्टरमध्ये गेलेला, मूलबाळ नाही, आणि क्वार्टर सुटलं की जायचं कुठं? मी म्हटलं, तुमच्या भविष्य निर्वाह निधीतून काढा की. घरासाठी मिळतात.

"मिळते? अन् त्यात तुमाले काय मिळते?"

मला राग आला. "डोकेदुखी मिळते. चालेल?"

यावर ते थोडे हसले, पण उत्तर पटलं नसावं, कारण घरं बघायला मलाच सोबत नेलं. नजरेसमोर असलेला बरा. पहिल्या घराचा दलाल दारातली फरशी दाखवत होता, तोवर काकाजी थेट मागच्या अंगाला गेले आणि भिंतीला हात लावून आले. "ओली हाये. पुढं रंग मारून राहिले." अशी चार घरं गेली. पाचवं नवेगाव बांध या गावी, तलावाच्या वाटेवर. पुढून साधा गिलावासुद्धा नव्हता, पण मागची भिंत कोरडी ठणठणीत. "पुढं चुना मी मारीन," म्हणाले. ठरलं.

निधीचा फॉर्म ते घरी घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी काकींना घेऊन आले. काकी बाकावर पिशवी पोटाशी धरून बसल्या. फॉर्मच्या मागं खाली चार ओळी बारीक छापलेल्या होत्या. तेवढ्या सोडून वरच्या कोऱ्या जागेत नेहमीची रेघ मारलेली होती. मी काकींना चिडवलं, "तुमच्यावर तरी विश्वास आहे का यांचा?"

"कायचा विश्वास?" काकी म्हणाल्या. "यायनं लग्नातबी अंतरपाटाच्या मागं वाकून पाहिलं होतं."

काकाजी लाजून खिडकीकडे बघत राहिले.

पैसे मंजूर झाले, मिळाले. आता घराच्या खरेदीखताची एक नक्कल फाईलला लावायची, की माझं काम संपलं. काकाजी म्हणाले, उद्या आणतो. पुढच्या महिन्यात म्हणाले, सापडून नाही राहिलं. एसटीचं तिकीटसुद्धा जपून ठेवणारा हा माणूस, आणि खरेदीखत सापडत नाही? माझ्या मनात पाल चुकचुकली.

खरं सांगतो, त्यानंतर मीच काकाजी झालो. एका रविवारी मासे घ्यायचं निमित्त करून नवेगावला गेलो. काकाजी खरंच पुढच्या भिंतीला चुना मारत होते. चहा पाजला, कागदाचं नाव काढलं की विषय बदलला. शेजारी म्हणाले, पुतणे येऊन-जाऊन असतात. झालं, माझा हिशेब जुळला. घर भाड्याचं, आणि पैसे पुतण्यांनी गिळले. निवृत्तीच्या वेळी मी फाईलवर शेरा मारला, खरेदीखत सादर केले नाही. त्या एका ओळीपायी त्यांची शेवटची रक्कम सात महिने अडली.

त्या सात महिन्यांत काकाजी एका राईस मिलच्या फाटकावर चौकीदारी करत होते. साठीला टेकलेला माणूस. एकदा ऑफिसात आले तेव्हा मी म्हटलं, "काकाजी, एक कागद दाखवा, उद्या मोकळं करतो."

"दाखवला असता, बाबूजी," म्हणाले आणि निघून गेले. शेवटी वरच्या साहेबांनीच दया येऊन शेरा बाजूला ठेवला.

पुढं काही वर्षांनी काकाजी गेले. मी भेटायला गेलो तर पुढच्या खोलीत, काकाजींच्या फोटोखालीच, दोन पुतणे बसलेले. नजर छतावर, भिंतींवर. मी ऑफिसातला आहे कळताच एकानं विचारलं, "साहेब, घराचा कागद कोनाच्या नावानं हाये जी?" मला ठाऊक नव्हतं. पुतणे बस पकडायला गेले, तेव्हा काकींनी दाराला कडी घातली, स्टुलावर चढून फोटो उतरवला आणि उलटा केला. मागं प्लास्टिकच्या पिशवीत खरेदीखत चिकटवलेलं होतं.

घर काकींच्या नावावर होतं. एकट्या काकींच्या.

"त्यायच्या नावानं असतं तं या पोट्ट्यायनं मले राहू नसतं देल्लं," काकी म्हणाल्या.

"मग मला का नाही दाखवलं?"

"फारमच्या मागं लिहून होतं ना. घर अर्जवाल्याच्याच नावानं पायजे, नाई तं सारे पैसे वापस. वापस कुठून करतो? घरच विका लागलं असतं. बाबूजी मानूस चांगला हाये म्हनत ते, पन नेमाचा हाये."

नेमाचा! अठरा वर्षं तो फॉर्म मी लोकांना देत आलो आणि त्याची मागची बाजू एकदाही वाचली नव्हती. काकाजींनी खरेदीखत आणून दिलं असतं, तर नावही न बघता मी भोक पाडून फाईलला लावलं असतं. ते सात महिने, ते मिलचं फाटक, कशाचीच गरज नव्हती. हे काकींना सांगायची माझी छाती झाली नाही. अजूनही आठवलं की लाज वाटते.

मी खरेदीखत पहिल्या ओळीपासून वाचलं, मग उलटं केलं. मागची बाजू कोरी होती, आणि तिच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत निळी रेघ.

काकींनी कागद परत पिशवीत घातला, पिशवी फोटोमागं चिकटवली आणि फोटो खिळ्याला लावला. मग खाली उतरून विचारलं, "मले कोनी काढनार तं नाई ना, बाबूजी?"

"नाही काकी," मी म्हणालो. "मी दोन्ही बाजू वाचल्या."