श्रावणातली गोळी

छायाचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. नेरळच्या जनावरांच्या दवाखान्यात ती सात वर्षं मदतनीस आहे, आणि कुत्रा घेऊन येणाऱ्याला ती आधी झापते, मग कुत्र्याला टेबलावर घेते. पिल्लाला जंताचं औषध कधी दिलंत? आठवत नाही? स्वतःचं जेवण बरं आठवतं! डास चावला की कुत्र्याच्या रक्तात अळी उतरते आणि हृदयात जाऊन दोऱ्यासारखी वाढते, हे तिनं आपल्या अख्ख्या पोशीर गावाकडून पाठ करून घेतलंय. महिन्याला एक गोळी, पावसाळ्यात तर चुकवायचीच नाही. वर तिचं ठरलेलं वाक्य, "मटनाच्या वासाची हाय, आवडीनं खाईल."

असल्या बाईच्या घरचा कुत्रा ऐन शिमग्यात खोकायला लागला. तांबू त्याचं नाव. संध्याकाळी छायाची रिक्षा फाट्यावर थांबली की हा बांधावरून सुसाट यायचा. त्या दिवशी अर्ध्या वाटेत धापा टाकत बसला. डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून तिलाच बघायला लावलं. अळ्या वळवळत होत्या. छायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी कामावर निघायची घाई, म्हणून दर महिन्याची गोळी ती सासूच्या हातात देत आली होती.

घरी येऊन तिनं फडताळ उपसलं. पिठाच्या डब्यामागं सहा गोळ्या निघाल्या, वेष्टनासकट. तीन पावसाळ्यांच्या, वर्षाला दोन.

मग ती सासूवर, इंदूबाईवर, तोंडाला येईल ते बोलली. मुक्या जनावराचा जीव घेतलात, एवढं साधं काम होईना तर सांगायचं होतं. इंदूबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"श्रावण लागला की गनपती जाईपर्यंत आपल्यात वशाट चालत नाय," ती म्हणाली. "मटनाची हाय असं तूच सांगितलंस. माझ्या हातानं कशी देनार गं?"

नुसता वास असतो, मटण नसतं, असं छाया ओरडणार होती. पण हे तिनं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गावात घरोघर फिरली. सहदेवकडे श्रावणात गोळी बंद. हिरूकडे बंद. रूपालीनं तर वर तिलाच ऐकवलं, तुला एवढं कळत नाय व्हय? जाईल तिथं तेच. आता झापायचं कुणाला?

तांबूचे उपचार महिनोन् महिने चालले. धावला तर मेलेले जंत फुप्फुसात अडकतील, बांधूनच ठेवा, डॉक्टरांनी बजावलं होतं. छाया फाट्याच्या अलीकडेच उतरून मागच्या दारानं घरात यायला लागली. तरी त्याला चाहूल लागायचीच आणि तो साखळीला हिसके द्यायचा.

श्रावण आला. पहिल्याच सोमवारी इंदूबाईनं तांबूचा जबडा उघडला, गोळी घशात सारली, पुन्हा अंघोळ केली आणि देवापुढं बसली.

तांबू जगला. साखळी सुटली, पण बांधावरून धावायचा दम त्याच्यात उरला नाही. छाया आता पुन्हा फाट्यावर उतरते, रिकाम्या बांधाकडे बघते आणि रोज स्वतःलाच एक शिवी हासडते.