दाराजवळची पिवळी पावलं

उज्ज्वला गेल्याचा फोन आला तेव्हा कारखान्याच्या दारात ट्रक भरत होता. फोन तिच्या भावाचा होता, पुण्याहून. "सकाळी चहा ठेवला आणि तिथेच कोसळली…" एवढंच तो बोलू शकला. मी ट्रक भरून घेतला, गेटपासवर सही केली आणि मग इंदिरानगरला तिच्या घरी गेले. कुणाचा माल अडवून गेले असते तर तिला मुळीच आवडलं नसतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. फोनमध्ये तिचं नाव अजून आहे. ते काढायचं मला काही कारण दिसत नाही.

सातपूरला आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. उज्ज्वला ग्राफिक डिझायनर. नोकरी नाही, आपली कामं आपण मिळवायची. खोक्यावर काय छापायचं हे ठरवायला माझी गिऱ्हाइकं तिच्याकडे जात, तिथून आमची मैत्री झाली. तिची पद्धत मात्र त्रासदायक होती. बाकीचे डिझायनर तीन-चार नमुने मांडतात आणि गिऱ्हाइकाला निवडायला सांगतात. ही एकच दाखवायची, आणि तोही स्क्रीनवर नाही. काम आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे राहणार कुठे?" खोकं कुठे रचणार, पाटी कुठून दिसणार, कार्ड कुणाच्या खिशात जाणार… ते स्वतः जाऊन बघितल्याशिवाय ती पेन्सिल उचलत नसे.

सुरुवातीला हे फार दिवस चालेल असं कुणालाच वाटत नव्हतं. भावाने पुण्यात एका जाहिरात कंपनीत तिच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. तेवढ्यात निफाडच्या द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाचं काम आलं, निर्यातीच्या खोक्याचं. तिने भावाला सांगून टाकलं, "हे माझ्या पद्धतीने पास झालं तर मी नाशकातच. नाही झालं तर बॅग भरून येते." मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, "मग निदान द्राक्षाचा एक घड काढ, म्हणजे कटकट नको." ती म्हणाली, "मीने, द्राक्षाच्या खोक्यात द्राक्षं असतात हे लोकांना माहीत असतं गं."

ती निफाडला पॅकहाउसमध्ये जाऊन दिवसभर बसली होती. तिथे तिने एक गोष्ट पाहिली. खोकी एकावर एक रचली की वरची बाजू कुणालाच दिसत नाही, दिसते ती फक्त समोरची अरुंद बाजू. म्हणून तिने वरची बाजू सरळ कोरी ठेवली आणि समोर वेलीचा एक तुकडा काढला. नमुने माझ्याकडे तयार झाले आणि ते पाहायला गटाचे प्रमुख सुकदेवआबा आपली माणसं घेऊन आले. टेबलावर एकच खोकं ठेवलेलं होतं. आबांनी ते उलटं-सुलटं करून पाहिलं.

"ताई, हे काय हाय? वरून कोरं, बाजूला नुसती काडी! द्राक्षं कुठंयत?"

"शाई संपली असंल आबा," मागून कुणीतरी बोललं आणि सगळे हसले.

उज्ज्वला चष्मा पुसत होती. घाबरली की ती चष्मा पुसायची. मग तिने आमच्या हमालांना हाक मारून तशाच खोक्यांच्या शेजारीशेजारी थप्प्या लावायला सांगितल्या, डोक्याच्या वर जातील एवढ्या. दाराजवळ जमिनीवर दोन पिवळी पावलं रंगवलेली होती. ट्रॉलीच्या रस्त्याच्या पट्ट्यांसाठी आणलेला माझा रंग तिने आदल्या दिवशी मला न विचारता वापरला होता.

"आबा, इथे उभे राहा."

"चपलेला रंग लागंल की!"

"वाळलाय."

आबा पावलांवर उभे राहिले. खालच्या खोक्यावरची वेल वरच्या खोक्यावर चढत होती, तिथून त्याच्या वरच्यावर, आणि थप्पीभर पसरली होती. आबांनी पुढे जाऊन दोन खोक्यांची अदलाबदल करून पाहिली. तरीही वेल जुळलीच. "आरं, ही तर आख्खी बाग उभी राह्यली," असं म्हणून त्यांनी आपल्या एकेका माणसाला धरून त्या पावलांवर उभं केलं. "छापा!" माणसं गेल्यावर उज्ज्वलाने भावाला फोन लावला, "दादा, त्या कंपनीला नाही म्हणून सांग."

पुढे तिला कामाची कमी पडली नाही. इंदिरानगरच्या एका हाडांच्या डॉक्टरांच्या पाटीवर तिने सगळ्यात मोठं लिहिलं, 'लिफ्ट मागच्या बाजूला'. डॉक्टर भडकले. "माझं नाव लिफ्टपेक्षा लहान?" ही शांतपणे म्हणाली, "गुडघा दुखणाऱ्याला आधी लिफ्ट हवी, डॉक्टर. तुम्ही वर भेटणारच आहात." पाटी तशीच लागली, अजूनही आहे. एकलहऱ्याकडच्या एका ठेकेदाराला सुरक्षेच्या सूचनांचं भलंमोठं पोस्टर हवं होतं. तिने पाहिलं की कामगार निवांत उभे राहतात ते जेवणाआधी हात धुताना. मग पोस्टर बाजूला ठेवून तिने नळाच्या वर फक्त हातमोज्यांचं एक चित्र लावलं.

तिच्या शोकसभेला सुकदेवआबा आले. आता ते काठी टेकत चालतात. त्यांनी टेम्पोतून रिकामी खोकी आणली होती, तीच, इतक्या वर्षांत एक रेघही न बदललेली. भाषण वगैरे त्यांनी केलं नाही. फोटोशेजारी माणसांकडून थप्प्या लावून घेतल्या आणि तिथून वेल नीट दिसते ना हे बघायला दारात जाऊन उभे राहिले. येणारा प्रत्येक जण तिथेच थबकत होता.

परवा कारखान्याची जमीन रंगवायला घेतली. रंगारी म्हणाला, "मॅडम, ही पावलं बुजवू ना?" मी म्हटलं, "त्यांच्या कडेकडेने रंगव. आणि मग त्यांच्यावर पिवळ्याचा एक हात मार." रंग वाळतो न वाळतो तोच एक नवं गिऱ्हाईक आलं, मसालेवाले. लॅपटॉप उघडून झकास रंगीत डिझाइन दाखवायला लागले, घाईत होते. मी त्या डिझाइनचे कागद छापून कोऱ्या खोक्यांवर चिकटवायला लावले, थप्पी रचली आणि त्यांना पावलांवर उभं केलं.

त्यांनी डोळे बारीक केले. "इथून नाव काही वाचता येत नाही हो…"

"मग अजून छापायचं नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.