शिशाचे दोन ठिपके

आमच्या शेजारच्या घड्याळजीएवढा सरळ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यानं आयुष्यात एकच लबाडी केली आणि तीही पोटच्या पोरीशी. मला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. माझं चष्म्यांचं दुकान. लोकांना नीट दिसावं म्हणून मी दिवसभर भिंगं घासतो, आणि शेजारी काय चाललंय ते दिसत असून तोंड मिटून बसलो. तेव्हा हे सांगायचं तर मीच सांगायला हवं.

आमच्या दोन दुकानांच्या मध्ये नुसती फळ्यांची भिंत आहे. त्याला शिंक आली की मी इकडून 'जपून' म्हणतो. त्याच्या दुकानात चाळीसेक घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ निराळी, कारण दुरुस्तीला आलेल्या घड्याळाचं बोलणं कुणी मनावर घ्यायचं नसतं. मागं एक खोली. तिथं एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीला टेकून रचलेली पुस्तकं. ती त्याच्या मुलीची खोली.

मुलीला आम्ही सगळे मुंगी म्हणायचो. चालायची हळू, जेवायची हळू, बोलायचीसुद्धा शब्द तपासून. पण काम चोख. माझ्याकडून फुटक्या भिंगांचे तुकडे घेऊन जायची आणि आठ दिवसांनी येऊन सांगायची की काका, हा तुकडा अमुक इतक्या अंतरावर उजेड गोळा करतो. मी पडताळून बघायचो. एकदाही चुकली नाही. तिला एका मोठ्या विज्ञान विद्यालयात जायचं होतं. शिकणं, राहणं, जेवण सगळं तिथंच. त्याची प्रवेश परीक्षा असते, आणि वयाच्या अटीमुळे तिला ती फार तर दोनदा देता येणार होती.

दर रविवारी ती जुना पेपर सोडवायला बसायची. तीन तासांचा पेपर. आणि दर रविवारी घोडं तिथंच पेंड खायचं. गणितं बरोबर, उत्तरं बरोबर, पण तीन तासांत शेवटचे चार प्रश्न कोरेच राहायचे. पूर्ण करायला तिला तीन तास चाळीस मिनिटं लागत. दोन महिने हे चाललं. मग एका रविवारी तिनं पुस्तकं दोरीनं बांधली आणि बापाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, मी नाही बसत परीक्षेला. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"अगं, येईल वेग. सवयीनं येतो."

"मला नाही येत. मला वेळ कायम कमीच पडणार."

घड्याळजीनं समजावलं, मी समजावलं. तिच्या आईनं समजावलं नाही. ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करते, दमून येते. ती एवढंच म्हणाली, की पोरीचा जीव घेऊ नका, नाही जमत तर नाही जमत. मुंगी आठवडाभर पुस्तकांकडे फिरकली नाही. दुकानाच्या पायरीवर बसून राहायची. तिला तसं बसलेलं बघून बापाचं जेवण सुटलं.

शनिवारी दुपारी त्यानं मला आत बोलावलं. टेबलावर एक गजराचं घड्याळ उघडं होतं. आतलं जे चाक सारखं उजवीकडे डावीकडे झुलतं, त्याच्या कडेला त्यानं चिमट्यानं शिशाचे दोन ठिपके बसवले होते, मोहरीएवढे. चाक जड झालं की सुस्तावतं.

"आता ह्याचे तीन तास म्हणजे आपले तीन तास चाळीस मिनिटं," तो म्हणाला.

"म्हणजे पोरीला फसवणार तू."

"थोडेच दिवस. एकदा तिला कळू दे की पूर्ण होतो पेपर. मग दर शनिवारी मी हे शिसं थोडं थोडं खरवडीन. दोन दोन मिनिटं. तिला कळणारही नाही आणि परीक्षेपर्यंत घड्याळ खऱ्यावर येईल."

मी हसलो. वाईट हे की मला ती युक्ती आवडली. एखाद्याला नंबर वाढवायचा तर आम्हीही एकदम वाढवत नाही.

पुढच्या रविवारी त्यानं मुंगीला हातापाया पडून बसवलं. परीक्षेच्या हॉलमध्ये फोन नाही, मनगटी घड्याळ नाही, म्हणून इथंही नाही, असं सांगून दोन्ही काढून घेतलं. गजर लावला आणि दार ओढून घेतलं. आम्ही दोघं बाहेर बसलो. गजर झाला आणि ती बाहेर आली, हातात पेपर, शेवटचं पान पुन्हा पुन्हा बघत.

"झाला," ती म्हणाली. "पाच मिनिटं राहिलीसुद्धा."

घड्याळजीनं खाली बघून चिमटा पुसायला घेतला. मी तोंडभर कौतुक केलं. त्या दिवसापासून पोर बदलली. पहाटे उठायची, शिट्टी वाजवत गणितं करायची. आपल्याला जमतं हे एकदा कळलं की माणूस काय करू शकतो, ते मी फळीपलीकडून ऐकत होतो. आणि दर शनिवारी घड्याळजी भिंग डोळ्याला लावून शिसं खरवडत होता. तीन तास अडतीस. तीन तास छत्तीस. पोरीच्या पुढं पुढं घड्याळ पळत होतं आणि पोर त्याला गाठत होती. दहा रविवार गेले, चाळीसातली वीस मिनिटं गेली.

अकराव्या शनिवारी ह्याचा हात सैल सुटला. परीक्षेला सातच आठवडे उरलेले, म्हणून एकदम सहा मिनिटांचं शिसं काढलं. रविवारी गजर झाला तेव्हा तिचा एक प्रश्न राहिला होता. एकच. ती बाहेर आली नाही. आम्ही आत गेलो तर टेबलावर डोकं टेकून रडत होती, आणि म्हणत होती, मला वाटलंच होतं, ते सगळं नशिबानं होत होतं.

मी घड्याळजीला म्हटलं, आता तरी सांग. तो म्हणाला, आत्ता सांगितलं तर ती परत उठायची नाही. त्यानं काढलेलं शिसं परत लावलं आणि पुढं हात लावायचं त्याच्यानं झालं नाही. दर शनिवारी घड्याळ उघडायचा आणि तसंच मिटायचा. सहा रविवार असे गेले. मुंगी दर वेळी हसत बाहेर आली. परीक्षेला गेली तेव्हा तिच्यात आणि खऱ्या घड्याळात वीस मिनिटं होती, आणि हे जगात आम्हा दोघांनाच माहीत होतं.

परीक्षेहून ती रडत आली नाही. रागावून आली.

"बाबा, तिथलं घड्याळ पळत होतं. मी नेहमीच्याच वेगानं लिहिलं. दोन प्रश्न राहिले. घड्याळ बिघडलेलं होतं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या दिवशी बघितलं. घड्याळजी म्हणाला, असेल, असतं असं. त्यालाही वाटलं असेल की एवढ्यावर भागेल. पण मुंगी कुणाची मुलगी. तिनं दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या मुख्याध्यापिकेला अर्ज दिला: घड्याळ तपासावं, माझे वडील घड्याळजी आहेत, त्यांच्यासारखं दुसरं कुणी तपासणार नाही. बाई भली. म्हणाली, या घेऊन वडिलांना. चूक निघाली तर मी वर कळवते, पेपर परत घ्यायला लावते.

दोघांनी मिळून मलाही नेलं. हॉल रिकामा होता, बाकांवर नंबरांच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. शिपायानं शिडीवर चढून घड्याळ उतरवलं, जुनं, चावीचं. घड्याळजीनं पाठ उघडली, खिशातलं स्वतःचं घड्याळ शेजारी ठेवलं आणि म्हणाला, तासभर बघावं लागेल. आम्ही बसलो. बाई आपलं काम घेऊन बसली. मुंगी वडिलांच्या अगदी शेजारी, हनुवटी तळहातावर ठेवून, त्यांच्या बोटांकडे बघत.

पाठीमागं घड्याळाची चाल कमीजास्त करायचा काटा असतो. नखानं सरकतो. कुणाला काही कळलं नसतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, सरकव. एक लबाडी केलीसच, आता दुसरी कर आणि पोरीला वाचव. एकदा त्याचं नख त्या काट्यावर गेलंही. मग त्यानं हात काढून मांडीवर ठेवला आणि तास संपेपर्यंत तो उचलला नाही.

"घड्याळ बरोबर आहे, बाई," तो म्हणाला. "काहीही चूक नाही."

आम्ही फाटकाबाहेर आलो. मग मुंगी म्हणाली, "म्हणजे मीच घाबरले असणार. आयत्या वेळी हातपाय गाळले."

"तू नाही घाबरलीस," घड्याळजी म्हणाला, आणि तिथंच, कुंपणाच्या भिंतीशी उभं राहून, त्यानं तिला सगळं सांगितलं. शिसं, शनिवार, दोन दोन मिनिटं. काही लपवलं नाही. मलाही वगळलं नाही.

तिनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे मी एकदाही पूर्ण केला नव्हता?"

"तीन तासांत नाही. पण ऐक, चाळीस मिनिटं जास्त लागायची तिथं वीसवर आलीस. हे खरं आहे. हे तुझं आहे, ह्यात माझं काही नाही. अजून थोडे दिवस मिळाले असते तर—"

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगाल."

आयुष्यात कधी नव्हे ते घड्याळजीकडे सांगायला एवढी मोठी खरी गोष्ट होती, आणि ती ऐकून घ्यायला समोर माणूस उरलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, खरं सांगतोय तो. ती म्हणाली, "तुम्हीही होतातच की, काका."

पुढच्या वर्षी ती परत बसणार आहे. ते शेवटचं. पण मागच्या खोलीत आता ती अभ्यासाला बसत नाही. रविवारी आईबरोबर इस्पितळात जाते, कोठीघरात भाज्यांच्या टोपल्यांमध्ये बसून पेपर सोडवते, आईचं मनगटी घड्याळ लावून. आईनं नवऱ्याला एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त सकाळी पोरीला घेऊन निघताना मागं वळून बघत नाही. भिंगाचे तुकडे मागायला मुंगी माझ्याकडे फिरकलेली नाही.

संध्याकाळी ती परत आली की घड्याळजी हातातलं काम थांबवून विचारतो, "झाला का गं पूर्ण?"

"झाला," ती म्हणते, आणि आत जाते.

परवा त्यानं मला विचारलं, "खरंच होत असेल का? का मला बरं वाटावं म्हणून सांगते?" मी भिंग पुसत राहिलो. तिला ते विचारायचं तोंड आम्हा दोघांनाही नाही.