कोळ्याचा धागा

आज देव्हाऱ्यामागची जळमटं काढताना कोळ्याचा धागा बोटाला चिकटला आणि सूर्यमाळच्या डोंगरावरची चैत्रातली ती संध्याकाळ आठवली.

आमचे हे जव्हार संस्थानात मोजणीदार. रात्री दुर्बिणीत कोळ्याचे दोन धागे ताणून ते जोडताऱ्यांमधलं अंतर मोजत. धागे बसवायचं काम माझं. "एकटा तारा किती जड, ते कळत नाही. जोडीदाराला किती ओढतो, त्यावरून त्याचं वजन निघतं," असं म्हणत.

त्या दुपारी हिवतापानं गेलेल्या आमच्या चिमुकल्या लेकीला, सोनीला, आम्ही मोहाखाली पुरून आलो होतो. अंधार पडताच ह्यांनी दुर्बीण बाहेर काढली. काय माणूस आहे हा, म्हणून माझं डोकं भणभणलं. तरी तुटलेला धागा मी बदलून दिला.

डोळा लावून ते कितीतरी वेळ बसले. शेवटी म्हणाले, "आज हवा खराब आहे गं. तारे नुसते हलताहेत, धाग्यावर येतच नाहीत."

मी जवळ गेले. काच ओली होती. पदरानं पुसून डोळा लावला. पुनर्वसूतली ती जोडी तांदळाच्या दोन दाण्यांसारखी स्थिर होती.

"हो," मी म्हणाले, "हवाच खराब आहे."

सोनीबद्दल आम्ही दोघं आयुष्यात बोललो ते एवढंच.