सबुरीबाईंचे दोन तास

सबुरीबाई मैदानावर कुणाच्या चेहऱ्याकडे पाहत नसत. त्या अंपायरच्या पायांकडे पाहत. परळच्या मैदानात रविवारी आमच्या ऑफिसांचं सॉफ्टबॉल चालायचं. शाळेत खेळलेली मी एकटीच, म्हणून अंपायरिंग माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच मॅचनंतर साठीतली एक बाई जाळीपलीकडून तरातरा आली. साडी, पायात कॅनव्हासचे बूट.

"अगो, तू पळता पळता बघतंस. पळताना डोळे हलतत. आधी पाय रोव, मगे बघ."

त्या पूर्वी वरळीच्या एका शाळेत खेळाच्या बाई होत्या. स्वतः पुष्कळ वर्षं अंपायरिंग केलेलं. दर दोन वाक्यांमागे 'सबुरी' म्हणत, म्हणून खेळाडूंनी हे नाव ठेवलं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

माझी खरी खोड मात्र पायांची नव्हती. खेळाडू घसरत बेसवर येतोय असं दिसलं की माझा हात आपोआप वर जायचा. आऊट! निकाल आधी, पाहणं नंतर. चारी बाजूंनी माणसं ओरडत असली की मला त्यातून सुटायची घाई व्हायची. बाईंनी उपाय काढला. उजवा हात पँटच्या खिशात घालायचा, बॉल कुठे आहे हे मनात विचारायचं आणि उत्तर मिळाल्यावरच हात बाहेर काढायचा. दोन महिने मी खिशात हात घालून उभी राहिले. लोक हसले. बाई नाही हसल्या.

त्या नऊला येत आणि अकराच्या ठोक्याला निघत. एकदा मी चहाला थांबवायला गेले, तर म्हणाल्या, "शेजारची काकू अकरापर्यंतच बसता. मगे घरी माका जावक होया." यजमान चार वर्षं अंथरुणावर होते, अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेलेली. आठवड्यातले हे दोन तास सोडले तर बाई वरळीच्या चाळीतल्या आपल्या एका खोलीतच असत.

मग सेमीफायनल आली. आमच्या साहेबांची टीम फील्डिंगला. शेवटची इनिंग, बरोबरीची रन काढायला समोरची खेळाडू शेवटच्या बेसकडे, होम प्लेटकडे धावत होती. धूळ उडाली, कॅचरने ग्लोव्ह लावून टॅग केला आणि माझा हात वर गेला. "आऊट!" साहेब नाचायला लागले. धूळ खाली बसली तेव्हा मला बॉल दिसला. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये नाही, तिच्या गुडघ्यामागे जमिनीवर.

मी चेहऱ्यावरचा मुखवटा वर केला. तसंच ठेवलं तर खोटं, बदललं तर सोमवारी साहेबांसमोर उभं राहायचं. मी जाळीकडे पाहिलं. बाई माझ्या पायांकडे पाहत होत्या.

"सेफ," मी म्हटलं. "बॉल खाली आहे. चूक माझी."

साहेब माझ्या अंगावर धावून आले. जादा इनिंगमध्ये सामना त्यांच्या हातून गेला आणि पुढे ऑफिसात ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. बाईंनी शाबासकी दिली नाही. "बदललंस ता बरा केलंस," त्या म्हणाल्या, "पण बदलूची पाळी कित्याक इली?"

पुढे चाळ पाडायची ठरली आणि माणसं घरं रिकामी करू लागली. काकू लेकाकडे गेल्या आणि बाई यायच्या बंद झाल्या. तीन रविवार वाट पाहून चौथ्या रविवारी मी वरळीला त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "आज मी बसते. तुम्ही जा, अंपायरिंग तुम्ही करा."

त्यांनी बूट चढवले, यजमानांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं आणि जिना उतरल्या. मी गॅलरीतून पाहत होते. त्या फाटकापर्यंत पोचल्या असतील, तोच आतून यजमानांचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसता ओढून काढलेला आवाज. मी हात धरला, बोलले, पाणी दिलं. आवाज थांबेना. फाटकाशी बाई उभ्या राहिल्या. थोडा वेळ तशाच, रस्त्याकडे तोंड करून. मग वळल्या.

वर येऊन त्या पलंगाच्या कडेला बसल्या. यजमान लगेच शांत झाले.

"काकूची त्येका सवय होती. आता मी दिसलंय नाय की त्येका वाटता, मी गेलंय," बूट काढत त्या म्हणाल्या. "तू जा गो. मॅच खोळंबली असात."

मी खाली उतरले. फाटकाशी पोचल्यावर वर पाहिलं. गॅलरीत कुणी नव्हतं. मी टॅक्सी पकडून मैदानावर गेले.