मामांची पिशवी

आमचे धर्मपालमामा रायपुरातल्या गुढियारीत राहतात. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्या साली ते रेल्वेतून रिटायर झाले आणि त्यांचं पोट दुखायला लागलं. मीच त्यांना आणि शेवंतामामीला समता कॉलोनीतल्या डॉक्टरकडे नेलं.

सोनोग्राफी पाहून डॉक्टर म्हणाले, "खडे आहेत. पिशवी काढावी लागेल."

मामा ताडकन उठले. "रिपोर्टची अदलाबदल झाली, साहेब! पिशवी बायकांची राहते. आमच्या हिची मागच्या साली काढली."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "ती गर्भाची पिशवी. ही पित्ताची, सगळ्यांनाच असते. खडे तसेच राहिले तर हिचा कॅन्सरही होऊ शकतो; तो बायकांत दुप्पट-तिप्पट होतो, पण पुरुषांनाही होतोच."

"पाहा, बायकांचीच बिमारी!" मामा चपला शोधू लागले. माझं डोकंच फिरलं. चपला मी पटकन लपवल्या.

मामी शांतपणे म्हणाली, "अहो, जिंदगी रेल्वेत गेली तुमची. लेडीज डब्ब्यात माणसं घुसत नाहीत काय?"

मामा गपकन बसले. ऑपरेशन झालं. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. पण मामा महिना झाला तरी पलंगावरच! येईल त्याला सांगत, "पिशवी काढली ना, मले वजन उचलणं मना आहे."

शेवटी मामीनं बादली आणून समोर आपटली. "माझी काढली तं नवव्या दिवशी मी भाकरी थापून राहिली होती. तवा नाही आठवलं तुम्हाले वजन? उठा, पाणी भरा!"