पिवळी चिठ्ठी

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका हॉटेलात आम्हा कॉलेज-शिक्षकांना बोलावलं होतं. देशाचं व्यवसायशिक्षण नव्याने आखायचंय, तुमची मतं या चिकट पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला लावा, सरकारी अधिकारी म्हणाले. मी उत्साहाने भराभर लिहीत सुटले.

शेजारी वायरिंग शिकवणारे एक मराठी गृहस्थ होते. नावाचं स्टिकर लावलेलं नाही, कोटही काढलेला नाही. त्यांनी खिशातून एक विटकी चिठ्ठी काढली, सेलोटेपने भिंतीला चिकटवली आणि अंगठ्याने नीट दाबली. 'प्रॅक्टिकलचे तास कमी करू नका.'

"काका, टेबलावर नव्या चिठ्ठ्या आहेत की."

"असू देत. मागच्या वेळची आहे. गोंद तेवढा गेलाय, मत तेच आहे."

जेवणानंतर भिंतीचे फोटो निघाले, आमचे आभार मानले गेले आणि लगेच नवा आराखडा वाटला, गुळगुळीत कागदावर छापलेला. प्रॅक्टिकलचे तास निम्मे. पत्रिका छापून झाल्यावर मुलीची पसंती विचारावी, तशातली गत.

हॉटेलची बाई चिठ्ठ्या ओरबाडून काळ्या पिशवीत भरू लागली. काकांनी आपली आधीच सोडवून खिशात ठेवली होती.

"पुढच्या वेळी लागेल," ते म्हणाले.

मीही माझी एक काढून पर्समध्ये टाकली.